बुडालं, पण कितीला?

मुरूडचा आहे असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "मग जंजिरा रोज दिसत असेल?" दिसत नाही. जंजिरा आहे तो रायगड जिल्ह्यातल्या मुरूडला. आमचं मुरूड लातूर जिल्ह्यातलं. समुद्राशी आमचा संबंध भाजीतल्या मिठापुरता. 'जंजिरा' हा शब्द मुळात अरबी 'जझीरा', म्हणजे बेट. त्या मुरूडला खरंखुरं बेट आहे, बेटावर किल्ला आहे आणि होडीत बसून तो बघायला येणारी मंडळी आहेत. आमच्याकडे काळी जमीन, तुरीचं पीक आणि आभाळाकडे लागलेले डोळे. २०१६ च्या एप्रिलात तर लातूरला पाणीसुद्धा मिरजेहून आगगाडीत बसून आलं. अशा मुलखातल्या माणसाने पाण्यात बुडालेल्या बेटावर लिहायचं, म्हणजे ब्रह्मचाऱ्याने संसारावर व्याख्यान द्यायचं. पण संसारावरची बरीचशी व्याख्यानं ब्रह्मचारीच देत आलेले आहेत, तेव्हा मीही सुरुवात करतो.

बुडालेल्या बेटांचा राजा म्हणजे अटलांटिस. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याने इसवी सनापूर्वी ३६० च्या सुमारास दोन संवादांत त्याची हकिकत सांगितली. बेट केवढं? तर लिबिया आणि आशिया एकत्र केले तरी कमी पडावेत एवढं. मधोमध टेकडी, तिच्याभोवती पाण्याची आणि जमिनीची एकाआड एक कडी, सोन्याचांदीने मढवलेलं देऊळ, गार आणि ऊन पाण्याचे झरे. शिवाय हत्ती. लोक आधी सज्जन होते. मग पैसा आला, पैशामागून माज आला, आणि एका दिवसरात्रीत भूकंप आणि पूर होऊन सगळं समुद्रात गडप झालं.

मला यात हत्तींपेक्षा हकिकतीचाच प्रवास नवलाचा वाटतो. इजिप्तच्या पुजाऱ्यांनी ती सोलोनला सांगितली, सोलोनकडून ती फिरत फिरत एका नव्वदीच्या आजोबांकडे आली, आजोबांनी दहा वर्षांच्या नातवाला सांगितली आणि नातवाने मोठेपणी सॉक्रेटिसला. आमच्याकडे लग्नाची स्थळंसुद्धा याहून जवळच्या ओळखीतून येतात. बरं, घटना सोलोनच्याही नऊ हजार वर्षं आधीची! त्या काळात माणूस नुकता कुठे धान्य पेरायला शिकत होता. लिपीचा पत्ता नव्हता. प्लेटोच्या आधी हिरोडोटस इजिप्त हिंडून आला होता. तिथल्या पुजाऱ्यांच्या गप्पा त्याने हौसेने लिहून ठेवल्या, पण त्यांत अटलांटिसचं नाव नाही. आणि प्लेटोचा दुसरा संवाद तर देवराज झ्यूस सगळ्या देवांना जमवून बोलायला तोंड उघडतो तिथेच तुटतो. खाली 'क्रमशः'सुद्धा नाही.

आमच्या इथल्या एका अडत्याला मी ही कथा ऐकवली. मूठभर तूर तळहातावर घोळवत त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, बुडालं म्हंता, पण कितीला?"

"अहो, पाण्यात बुडालं!"

"ते कळलं. पण बुडणारा मागं कायतरी ठिवून जातो का न्हाई? वह्या ऱ्हातात, तारण ऱ्हातं, बोंब मारणारे ऱ्हातात. ज्याच्या नावानं कुनीच बोंब मारीत न्हाई, तो बुडालेला नसतो सर. तो नव्हताच."

अडत्याने जे तुरीवरून सांगितलं, तेच इतिहासाचे अभ्यासक जरा जड शब्दांत सांगतात. जे राज्य अथेन्सवर चालून गेलं म्हणतात, त्याची एखादी तलवार, एखादं गाडगं, एखादी कबर तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे निघायला हवी. निघत नाही. अटलांटिक महासागराचा तळही मोजून झाला. त्याच्या मध्यावर एक लांबलचक डोंगररांग आहे. तिथे लाव्हारसातून नवा तळ तयार होतो आणि दोन्ही बाजूंना सरकत जातो. त्यात खंड बुडवून ठेवायला जागाच नाही. मग भक्तमंडळी ग्रीसजवळच्या सांतोरिनीकडे बोट दाखवतात. इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास तिथे ज्वालामुखी फुटला आणि राखेखाली एक सुंदर गाव गाडलं गेलं, हे खरं. १९६७ पासून ते उकरायला घेतलं, तेव्हा रंगवलेल्या भिंती आणि माठ निघाले. पण पाहा, ते गाव खरं होतं म्हणून माठ निघाले.

एका रात्रीत वस्ती नाहीशी होते का, हा प्रश्न मात्र लातूर जिल्ह्यात विचारू नये. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक निजले होते. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली आणि किल्लारीच्या आसपासची गावंच्या गावं मातीला मिळाली. दगडामातीच्या जाड भिंती निजलेल्यांवर पडल्या. हजारो माणसं गेली. पण त्या गावांची नावं राहिली, जागा राहिल्या, वाचलेली माणसं राहिली, ढिगारे राहिले. खरी वस्ती जाते तेव्हा पुसून जात नाही. मागे एवढं ठेवून जाते की उपसणाऱ्यांचे हात थकतात.

आणि अशी एक हरवलेली नगरी आमच्या अगदी दाराशी आहे. मुरूडहून ढोकीच्या अंगाला निघालं की थोड्याच अंतरावर, तेरणा नदीच्या काठी, तेर नावाचं गाव लागतं. जिल्हा धाराशिव. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची एक वाटाड्या-पोथी लिहिली. तिच्यात म्हटलंय की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर 'तगर' हे फार मोठं शहर आहे. तिथून जाडंभरडं कापड आणि तऱ्हतऱ्हेची मलमल गाड्यांतून भडोचला येते. वाटेत रस्ते मात्र नाहीत. मराठवाड्यात रस्ते नाहीत ही तक्रार किती जुनी आहे बघा, आणि तीही ग्रीकमध्ये नोंदलेली!

पुढे हे तगर हरवलं. नाव तेवढं शिल्लक राहिलं. कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या लेखांत स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. पुण्यातल्या दोन खोल्यांच्या दारावर अमक्या गावचे इनामदार अशी पाटी असते, तसं. एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांनी तगर शोधता शोधता देवगिरी, जुन्नर, कोल्हापूर, धारूर अशी पुष्कळ यात्रा घडवली. अखेर १९०१ साली फ्लीट यांनी सांगितलं की तगर म्हणजे तेर. पैठणपासून ते सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर भरतं. दहा दिवसांत दीडशे, म्हणजे बैलगाडीला दिवसाला पंधरा. बैलांचीही हरकत नसावी. दिशा तेवढी पूर्वेऐवजी आग्नेय निघाली.

आता कुणी म्हणेल, प्लेटोने ऐकीव लिहिलं आणि या व्यापाऱ्यानेही आतल्या मुलखाचं बहुधा ऐकीवच लिहिलं. मग फरक काय? फरक जमिनीखाली आहे. तेरच्या पांढरीत मणी, बाहुल्या, दिवे, शिक्के आणि अपरंपार खापरं निघाली. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी असल्या वस्तू जन्मभर गोळा केल्या; त्यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं सरकारी संग्रहालय तेरला आहे. रोमन नाण्यांच्या मातीत केलेल्या, गळ्यात बांधायच्या नकलाही इथे मिळाल्या. म्हणजे परदेशी मालाची हौस आणि स्वस्तातली नक्कल, दोन्ही आपल्याकडे दोन हजार वर्षांपासून सुखाने नांदताहेत. हस्तिदंताची एक स्त्रीमूर्तीही निघाली. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईला सापडली, आणि पाँपेई तर इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गेलेलं. प्लेटोच्या हत्तींचा एक दात अजून कुणाला मिळालेला नाही.

तगरवर देवांचा कोप झाला नाही की समुद्र चालून आला नाही. ते अडत्याच्या भाषेत बुडालं. परदेशी व्यापार आटला, गाड्या थांबल्या आणि नगरीचं हळूहळू गाव झालं. अशा बुडण्यावर कुणी तत्त्वज्ञ लिहीत नाही, कारण त्यात तात्पर्य नसतं. प्लेटोला तात्पर्यच हवं होतं, म्हणून त्याने बेट रचलं आणि बुडवलं. इसापाच्या कोल्ह्याचं बीळ कुणी शोधत नाही. अटलांटिसच्या मागे मात्र लोक पाणबुड्या घेऊन लागले.

हे तेर गोरोबाकाकांचं. संतांच्या मेळ्यात एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारून कोणतं मडकं पक्कं आणि कोणतं कच्चं हे त्यांनी सांगितलं, ही कथा घराघरात ठाऊक आहे. इतिहासाला तेच थापटणं लागतं. कच्चं मडकं दिसायला पक्क्यासारखंच असतं, पण पाण्यात पडलं की विरघळतं आणि मागे काही ठेवत नाही. पक्कं मडकं फुटतं. पण फुटलं तरी त्याची खापरं राहतात, आणि दोन हजार वर्षांनीसुद्धा उचलून वाजवली की वाजतात.