परवचा ते अंगणवाडी : मराठी कुटुंबातील खेळकर शिक्षणाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शिक्षणाचा इतिहास लिहिताना पंतोजींच्या शाळा, एकोणिसाव्या शतकातील सरकारी व मिशनरी शाळा आणि महात्मा जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात सुरू केलेली मुलींची शाळा हे टप्पे प्रामुख्याने विचारात घेतले जातात. घर मात्र या इतिहासात क्वचितच येते. वास्तविक अंकज्ञान, कालगणना, भाषा व मापन यांचे पहिले पाठ अनेक कुटुंबांत घरातच, तेही खेळाच्या आणि एकत्रित पठणाच्या रूपाने दिले जात. या गृहशिक्षणाचे स्वरूप, त्याच्या ऱ्हासाची कारणे आणि त्याच्या मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परवचा आणि अपूर्णांकांचे पाढे

दिवेलागणीनंतर घरातील लहानथोर एकत्र बसून जे पठण करीत, त्यास परवचा म्हणत. त्यात शुभंकरोती, श्लोक, वार, तिथी, महिने, नक्षत्रे आणि पाढे यांचा समावेश असे. मोठे भावंड म्हणे आणि धाकटे त्यामागून सूर धरी. अर्थ पुढे कळे, ताल आधी रुजे.

पाढे केवळ पूर्णांकांचे नव्हते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढेही मुखोद्गत केले जात. त्यामागे निश्चित व्यावहारिक कारण होते. तीन पैंचा पैसा, चार पैशांचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया अशी तत्कालीन नाणेपद्धती होती. साडेतीन आणे शेर या दराने अकरा शेर जिन्नस घेतल्यास औटकीने साडेअडतीस आणे, म्हणजेच दोन रुपये, सहा आणे व दोन पैसे, हा हिशेब कागदाविना होत असे. संध्याकाळी म्हटलेला पाढा दुसऱ्या दिवशी बाजारात उपयोगी पडे. पाठांतरास असलेले हे प्रयोजन परवच्याचे खरे बळ होते.

खेळ आणि गृहकृत्ये

मुलींना परवच्यात नेहमीच स्थान मिळत असे, असे नाही. तथापि त्यांचे गणित अन्य मार्गांनी घडत होते. सागरगोट्यांच्या खेळात एक खडा वर उडवून खालचे एक, दोन, तीन असे क्रमाने उचलताना संख्येचे विभाजन हाताला कळे. ठिपक्यांच्या रांगोळीत सम-विषम संख्या आणि सममिती यांचा विचार अंतर्भूत होता. सोंगट्यांच्या पटावर उताण्या पडलेल्या कवड्या मोजून दान ठरे व घरे पुढे सरकत. स्वयंपाकघरात दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली हे कोष्टक धान्य मापता मापता आत्मसात होई. भेंड्या, उखाणे आणि कोडी यांनी शब्दसंपत्ती वाढे. या ज्ञानाची नोंद कोणत्याही शाळेच्या पटावर झाली नाही. म्हणून ते ज्ञान नव्हते असे म्हणता येणार नाही.

ऱ्हासाची कारणे

या परंपरेच्या ऱ्हासाचे खापर सामान्यतः आधुनिक राहणीवर फोडले जाते. ते अंशतः खरे असले, तरी एक ठोस कारण दुर्लक्षित राहते. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणेपद्धती अमलात आली आणि १९५८ पासून मेट्रिक वजने-मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली. शंभर नव्या पैशांच्या रुपयात औटकीचे प्रयोजन उरले नाही. शेर आणि पायली व्यवहारातून हळूहळू मागे पडली. ‘चार आणे’, ‘आठ आणे’ हे शब्द बोलीत टिकले, परंतु त्यामागील हिशेब गेला. व्यवहाराचा आधार सुटल्यावर पाठांतर केवळ शिस्त म्हणून उरले, आणि निव्वळ शिस्त पुढील पिढीने स्वीकारली नाही.

गृहशिक्षणाच्या मर्यादा

या परंपरेचे केवळ गुणगान करणे इतिहासाशी सुसंगत ठरणार नाही. परवचा हा मुख्यतः साक्षर, स्थिर व फुरसत असलेल्या घरांचा होता. शिवाय घर हे शिक्षणास पोषक असते तसेच विरोधकही असू शकते. १८७३ मध्ये विवाह होऊन आलेल्या रमाबाई रानडे यांना न्यायमूर्ती रानडे यांनी घरी शिकविण्यास आरंभ केला, तेव्हा घरातील स्त्रियांचाच रोष त्यांना सहन करावा लागला.

ज्या घरांना अशी संधीच नव्हती, त्यांचा प्रश्न ताराबाई मोडक यांनी हाती घेतला. १९४५ मध्ये बोर्डी येथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. वंचित वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, हे लक्षात आल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ या शब्दाचा उगम येथे आहे. पुढे कोसबाड येथे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने-फुले यांचीच शैक्षणिक साधने केली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविल्या. सागरगोट्यांतून होणारे शिक्षण आणि बियांच्या मोजणीतून होणारे शिक्षण यांचे तत्त्व एकच होते. फरक होता तो ते कोणापर्यंत पोहोचले याचा. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, मराठी घरातील शिक्षण ताल, खेळ आणि प्रत्यक्ष काम यांच्या संयोगाने घडत होते व तो संयोग तुटताच ते क्षीण झाले. म्हणून आज औटकीचे पुनरुज्जीवन करण्याने फारसे साधणार नाही. वाणसामानाचा हिशेब, वीजबिलाचे वाचन, स्वयंपाकातील प्रमाण आणि पटावरचे खेळ यांत मुलांना सहभागी करून घेणे हाच त्या परंपरेचा खरा वारसा होय. मात्र त्यासाठी पालकांजवळ वेळ हवा, आणि तो सर्व घरांत सारखा नसतो. ज्या घरात तो नाही, त्या घराच्या अंगणापर्यंत शिक्षणाने जावे, हा बोर्डीचा धडा गृहशिक्षणाच्या कोणत्याही विचारात वगळता येणार नाही.