कोल्हापूर शहरातील स्कूटर

स्कूटर हे कोल्हापूर शहर व परिसरातील दैनंदिन प्रवासाचे एक प्रमुख खासगी वाहन आहे. नोकरी, शाळा-महाविद्यालय, बाजारहाट, देवदर्शन आणि दवाखाना अशा जवळच्या अंतराच्या कामांसाठी तिचा सर्वाधिक उपयोग होतो. जुन्या पेठांतील अरुंद रस्ते, शहराचा मर्यादित विस्तार आणि घरातील कोणालाही चालवता येईल अशी सोपी रचना ही या पसंतीची मुख्य कारणे आहेत. मात्र शहराच्या आत सोयीची ठरणारी हीच स्कूटर महामार्गावर, रात्रीच्या ग्रामीण रस्त्यावर किंवा मुसळधार पावसात धोक्याची ठरू शकते. त्यामुळे तिच्या गुणदोषांचा विचार अंतर, रस्ता आणि वेळ यांच्या संदर्भातच करावा लागतो.

रचना

मोटारसायकल आणि स्कूटर ही दोन्ही दुचाकी वाहने असली, तरी त्यांच्या रचनेत मूलभूत फरक आहे. मोटारसायकलचे इंजिन चालकाच्या दोन्ही पायांच्या मध्ये असते. स्कूटरचे इंजिन आसनाखाली, मागील चाकाजवळ असते. त्यामुळे पुढे पाय ठेवण्यासाठी सपाट जागा मिळते, पाय पलीकडे न टाकता बसता येते आणि पुढील पत्र्यामुळे चिखल व पाणी काही प्रमाणात अडते. स्कूटरची चाके लहान असतात. शहरी स्कूटरचे मागील चाक बहुधा १० इंची असते, तर मोटारसायकलची चाके सर्वसाधारणपणे १७ ते १८ इंची असतात. स्कूटरचे वळण्यातील चापल्य आणि खड्ड्यातील अस्थिरता या दोन्ही गोष्टी या लहान चाकांतून येतात.

जुन्या स्कूटरमध्ये डाव्या मुठीत गिअर आणि उजव्या बाजूला इंजिन असे. वजन एका बाजूला असल्याने ती किंचित एकीकडे झुकत असे. आजच्या बहुतेक स्कूटरमध्ये पट्ट्यावर चालणारी स्वयंचलित गतिबदल यंत्रणा असते. तिच्यात क्लच व गिअर हाताळावे लागत नाहीत. केवळ मूठ पिळणे आणि ब्रेक दाबणे एवढेच काम चालकाला उरते.

इतिहास

आधुनिक स्कूटरचा उगम दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इटलीत झाला. पियाज्जो कंपनीची व्हेस्पा १९४६ साली आणि इनोचेंती कंपनीची लॅम्ब्रेटा १९४७ साली बाजारात आली. भारतात मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने लॅम्ब्रेटा आणली. बजाज ऑटोने १९६०च्या दशकाच्या आरंभी पियाज्जोच्या परवान्याखाली पुण्याजवळील आकुर्डी येथे व्हेस्पाचे उत्पादन सुरू केले. हा करार १९७१ साली संपला आणि १९७२ साली कंपनीने ‘चेतक’ ही स्कूटर बाजारात आणली. महाराणा प्रताप यांच्या घोड्यावरून तिला हे नाव देण्यात आले.

पश्चिम महाराष्ट्राच्या दृष्टीने साताऱ्याचा कारखानाही महत्त्वाचा आहे. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या सातारा येथील कारखान्यात ‘प्रिया’ या स्कूटरचे उत्पादन होत असे. परवाना पद्धतीच्या काळात उत्पादन मर्यादित आणि मागणी मोठी असल्याने स्कूटरसाठी नाव नोंदवून अनेक वर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे दारातील स्कूटर ही मध्यमवर्गीय कुटुंबाच्या स्थैर्याची खूण मानली जाई. वडील चालक, पुढच्या मोकळ्या जागेत उभे मूल आणि मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली आई हे त्या काळातील नेहमीचे दृश्य होते. आजच्या सुरक्षेच्या निकषांवर ते टिकणारे नाही.

१९८४ साली आलेल्या कायनेटिक होंडाने गिअर नसलेली आणि बटणावर सुरू होणारी स्कूटर भारतात रूढ केली. २००१ साली आलेल्या होंडा ॲक्टिव्हाने हा प्रकार घरोघरी पोहोचवला. बजाजने २००९ साली पेट्रोलवरील स्कूटरचे उत्पादन थांबवले. पुढे २०२० साली चेतक हे नाव विद्युत स्कूटरच्या रूपाने परत आले.

शहराची रचना आणि स्कूटरचा उपयोग

२०११च्या जनगणनेनुसार कोल्हापूर शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ इतकी होती. महानगरपालिकेचे क्षेत्र सुमारे ६७ चौरस किलोमीटर आहे. म्हणजेच शहरांतर्गत बहुतेक कामे काही किलोमीटरच्या आत आटोपतात. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ यांसारख्या जुन्या वस्त्यांतील बोळ चारचाकीसाठी अपुरे पडतात. महाद्वार रोड, भाऊसिंगजी रोड आणि लक्ष्मीपुरीच्या बाजारपेठेत मोटार उभी करण्यास जागा शोधावी लागते. श्री अंबाबाई मंदिराच्या परिसरात सुट्टीच्या दिवशी व नवरात्रात भाविकांच्या वाहनांची गर्दी होते. अशा ठिकाणी पायी चालण्याखालोखाल दुचाकीच सोयीची ठरते.

शहराबाहेर चित्र बदलते. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील औद्योगिक वसाहती पुणे–बेंगळुरू राष्ट्रीय महामार्गालगत आहेत. तेथे जाणाऱ्या कामगारांना अवजड वाहनांच्या सोबतीने प्रवास करावा लागतो. शहरातील वाहन महामार्गावर आल्यावर होणारा हा बदल कोल्हापूरच्या स्कूटर वापरातील सर्वांत नाजूक भाग आहे.

फायदे

वेळ व स्वातंत्र्य: स्कूटरस्वाराला बसच्या वेळेवर किंवा रिक्षाच्या उपलब्धतेवर अवलंबून राहावे लागत नाही. एका फेरीत मुलाला शाळेत सोडणे, भाजी घेणे आणि कार्यालय गाठणे शक्य होते.

खर्च: शहरी वापरात ११० सीसीची स्कूटर एका लीटर पेट्रोलमध्ये साधारण ४० ते ५० किलोमीटर चालते. रोज १२ किलोमीटर याप्रमाणे वर्षातील ३०० दिवसांचा प्रवास ३,६०० किलोमीटर होतो. सरासरी ४५ किलोमीटर धरल्यास त्यासाठी ८० लीटर पेट्रोल लागते. लीटरला १०० रुपये धरल्यास वर्षाचा इंधनखर्च ८,००० रुपये येतो. त्यात सर्व्हिसिंग, टायर, विमा आणि वाहनाची घसरणारी किंमत मिळवल्याशिवाय खरा खर्च कळत नाही. समान क्षमतेची मोटारसायकल सामान्यतः इंधनाच्या बाबतीत अधिक काटकसरी असते.

स्त्रियांचा प्रवास: साडी किंवा सलवार-कमीज परिधान करूनही सहज चालवता येत असल्याने बिनगिअरच्या स्कूटरमुळे असंख्य स्त्रियांचा प्रवास स्वावलंबी झाला. शिक्षिका, परिचारिका, बँक कर्मचारी, महाविद्यालयीन विद्यार्थिनी यांना कोणी नेऊन सोडण्याची वाट पाहावी लागत नाही. हा स्कूटरचा सर्वांत मोठा सामाजिक लाभ मानता येईल.

सामान: आसनाखालील डिकी, पुढील हूक आणि पायाजवळची जागा यांमुळे बाजाराची पिशवी किंवा दप्तर नेणे सोपे होते. तथापि पायाजवळ गॅसची टाकी किंवा पोते ठेवल्यास पाय बाहेर काढून बसावे लागते व तोल सांभाळणे कठीण जाते.

तोटे व धोके

अपघात: दुचाकीस्वाराभोवती संरक्षक सांगाडा नसतो. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्तींचा मृत्यू झाला. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होते. याच वर्षी हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. योग्य हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो, असे आंतरराष्ट्रीय अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात आढळले आहे.

वेग: ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे ११ मीटर, तर ६० किलोमीटर वेगाने जाणारे सुमारे १७ मीटर अंतर कापते. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एवढे अंतर कापले गेलेले असते. लहान चाके आणि हलके वजन यांमुळे महामार्गावर ट्रक शेजारून जाताना निर्माण होणारा वाऱ्याचा झोतही स्कूटरला जाणवतो.

ऊस वाहतूक: कोल्हापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा आहे. हिवाळ्यातील गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्रंदिवस रस्त्यावर असतात. मागे परावर्तक किंवा दिवा नसलेली, रस्त्याकडेला उभी ट्रॉली अंधारात अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. समोरील वाहनाच्या प्रखर दिव्याने डोळे दिपले असता हा धोका वाढतो. या काळात रात्रीचा ग्रामीण प्रवास टाळणे किंवा वेग बराच कमी ठेवणे हिताचे असते.

पाऊस व पूर: जून ते सप्टेंबर या काळात खड्डे पाण्याखाली झाकले जातात आणि चिखल, शेण वा तेल यांमुळे रस्ता निसरडा होतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मधील महापुरांत शहराचे सखल भाग जलमय झाले व महामार्गावरील वाहतूकही बंद पडली. स्कूटरचे इंजिन व पट्टा जमिनीपासून फार उंच नसल्याने वाहत्या पाण्यात ती घालू नये. पाण्यात बुडालेली स्कूटर सुरू करण्याचा प्रयत्न न करता तपासणीसाठी मिस्त्रीकडे न्यावी.

घाट: पन्हाळा आणि जोतिबाच्या उतारावर मोटारसायकल खालच्या गिअरमध्ये ठेवून वेग रोखता येतो. स्वयंचलित स्कूटरमध्ये इंजिनाचा असा आधार कमी मिळतो. सतत ब्रेक दाबून ठेवल्यास ते तापून त्यांची पकड कमी होते. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच वेग कमी करणे आवश्यक असते.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम १२९ नुसार चालक व मागे बसणारा या दोघांनाही हेल्मेट बंधनकारक आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय कायद्यात या उल्लंघनासाठी १,००० रुपये दंड आणि ३ महिने परवाना अपात्रतेची तरतूद आहे. कलम १२८ नुसार चालकामागे एकच व्यक्ती बसू शकते. ट्रिपलसीट प्रवास हा गुन्हा आहे. १ जून २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह नसलेल्या दुचाकी हेल्मेटची विक्री करता येत नाही.

१६ ते १८ वयोगटातील व्यक्तीला केवळ ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर वाहनाचा परवाना मिळू शकतो. बाजारातील १०० ते १२५ सीसीच्या स्कूटर या मर्यादेत बसत नाहीत. तरीही शिकवणीला जाणारी अनेक मुले त्या चालवताना दिसतात. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास कलम १९९-अ नुसार पालक किंवा वाहनमालकाला ३ वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही.

मागे बसणाऱ्याच्या साडीचा पदर वा ओढणी चाकात अडकू नये म्हणून मागील चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे आवरण केंद्रीय मोटार वाहन नियमांत सांगितले आहे. केवळ तृतीय पक्ष विमा असल्यास मागे बसलेल्या व्यक्तीला आपोआप संरक्षण मिळत नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

सार्वजनिक वाहतुकीशी संबंध

कोल्हापूर महानगरपालिकेची परिवहन सेवा ‘के.एम.टी.’ या नावाने ओळखली जाते. स्कूटरचा लाभ तिच्या मालकाला लगेच मिळतो. पण तिचा भार सर्वांवर पडतो. प्रवासी बसकडून दुचाकीकडे वळले की बसचे उत्पन्न घटते, फेऱ्या कमी होतात आणि उरलेल्या प्रवाशांनाही दुचाकी घेण्यावाचून पर्याय राहत नाही. या चक्राचा फटका प्रामुख्याने वृद्ध, अल्पवयीन विद्यार्थी आणि वाहन चालवू न शकणाऱ्या व्यक्तींना बसतो. अल्पवयीन मुलांच्या हाती स्कूटर जाण्यामागे शिकवणीच्या वेळेस बस नसणे हेही एक कारण असते. याशिवाय पदपथावर उभ्या केलेल्या दुचाकींमुळे पादचाऱ्यांना रस्त्यावरून चालावे लागते.

विद्युत स्कूटर

विद्युत स्कूटरमुळे रस्त्यावरील धूर व आवाज कमी होतो, तसेच प्रति किलोमीटर खर्चही पेट्रोलपेक्षा बराच कमी येतो. रोजचे अंतर थोडे असलेल्या कोल्हापुरासारख्या शहरात घरी रात्री चार्जिंग करणे पुरेसे ठरते. मात्र पेठांतील वाड्यात किंवा वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना चार्जिंगची सुरक्षित सोय करणे अवघड जाते. खरेदीची जास्त किंमत आणि कालांतराने बॅटरी बदलण्याचा खर्चही हिशेबात धरावा लागतो. २५ किलोमीटर वेगमर्यादा आणि २५० वॅटपेक्षा कमी शक्ती असलेल्या वाहनांना नोंदणी व परवाना लागत नाही; परंतु पडल्यावर डोक्याला होणारी इजा त्यामुळे टळत नाही.

योग्य वापराची मर्यादा

शहरातील सुमारे १० किलोमीटरच्या आतील, दिवसाचा आणि मध्यम वेगाचा प्रवास हे स्कूटरचे स्वाभाविक क्षेत्र आहे. त्या क्षेत्रात तिच्याइतके सोयीचे यांत्रिक वाहन क्वचितच आढळते. महामार्ग, घाट, ऊसहंगामातील रात्र आणि पुराचे पाणी या तिच्या मर्यादा आहेत. टायरमधील हवा, ब्रेक व दिवे यांची नियमित तपासणी, दोघांच्याही डोक्यावर पट्टा बांधलेले हेल्मेट आणि गरजेनुसार बसचा पर्याय यांची जोड दिल्यास तिचे फायदे टिकून तोटे बऱ्याच अंशी आटोक्यात राहतात.