चिमणीला मलेरिया आहे, हे कसं ओळखतात?

लंडनमध्ये १९९५ नंतर चिमण्या तब्बल ७१ टक्क्यांनी घटल्या. कारण शोधताना संशोधकांनी २००६ ते २००९ दरम्यान तिथल्या ११ ठिकाणच्या चिमण्यांचं रक्त तपासलं. सुमारे ७४ टक्के चिमण्यांत मलेरियाचे परजीवी निघाले! घाबरू नका, पक्ष्यांचा हा मलेरिया आपल्याला होत नाही. पसरवतात मात्र डासच. रोनाल्ड रॉस यांनी १८९८ मध्ये कलकत्त्यात ते पक्ष्यांवरच सिद्ध केलं होतं.

तपासणीसाठी पंखाच्या शिरेतून थेंबभर रक्त पुरतं. जुनी पद्धत म्हणजे काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरायचा, गिम्सा नावाचा रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली १००० पट मोठं करून बघत बसायचं. तांबड्या पेशीत परजीवी दिसतो, शेजारी हिमोग्लोबिन पचवून उरलेले काळपट कण. खर्च कमी, पण परजीवी थोडे असले की नजरेतून निसटतात.

मग येतं पीसीआर. कोविडमुळे हे नाव सगळ्यांना पाठ आहे. यात परजीवीच्या जनुकाचा एक ठरलेला तुकडा दर फेरीला दुप्पट होतो, म्हणजे ३० फेऱ्यांत एकाचे जवळपास १०७ कोटी. पक्ष्यांत एक गोची आहे. आपल्या तांबड्या पेशींत केंद्रक नसतं, त्यांच्या असतं. त्यामुळे त्या थेंबात चिमणीच्याच डीएनएचा ढीग असतो आणि परजीवीचा डीएनए त्यात हरवतो. म्हणून बऱ्याचदा पीसीआर दोनदा करतात: आधी मोठा तुकडा, मग त्याच्याच आतला छोटा. तुकड्याचा क्रम वाचून तो ‘मालअवी’ या मोफत ऑनलाइन डेटाबेसशी जुळवला की परजीवीचा वंश कळतो.

पण मला विचाराल तर नुसतं ‘पॉझिटिव्ह’ फारसं काही सांगत नाही. लंडनमध्ये बहुतेक चिमण्या पॉझिटिव्हच होत्या! फरक दिसला तो अंगातल्या परजीवींच्या प्रमाणात: जिथे चिमण्या घटत होत्या, तिथे ते जास्त होतं. हे प्रमाण मोजायला क्यूपीसीआर वापरता येतं. त्यात प्रत्येक फेरीनंतर नमुना किती चमकतो ते यंत्र बघतं. चमक जितक्या लवकर दिसेल, तितके परजीवी जास्त.

अर्थात, मलेरियामुळेच चिमण्या घटल्या, हे त्या अभ्यासाने सिद्ध झालं नाही. दोन्हींचा संबंध तेवढा दिसला.