गाडीनं दिलेला बिनगाडीचा रस्ता

पुण्या-मुंबईतल्या लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांना ‘कारे’ हे नाव ओळखीचं असतं. दर चार वर्षांनी होणाऱ्या पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस या बाराशे किलोमीटरच्या राइडमध्ये हे गाव दोनदा लागतं, एकदा जाताना आणि एकदा येताना. सगळं नव्वद तासांत उरकायचं असतं. त्यामुळे बहुतेकांना कारेत दिसतं ते शिक्का मारायचं टेबल, गरम सूप आणि मिळेल तिथे आडवी झालेली माणसं. तिथून आलेल्या एका मित्राला मी विचारलं होतं, गाव कसं आहे रे? तो म्हणाला, "झोपायला बरं आहे."

मी गेले ती घाई नसताना. रुंद टायरची सायकल आणि चार दिवस हाताशी. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला समुद्रात घुसलेला जो भाग आहे तो ब्रिटनी, आणि त्याच्या बरोबर मधोमध कारे. इथे मोटारींना बंदी असलेले रस्ते एकमेकांना भेटतात. दोन जुन्या रेल्वेमार्गांवरचे, आणि गावाच्या थोडं दक्षिणेला एक कालव्याच्या काठाचा. डांबर जवळजवळ नाहीच. बारीक खडी आणि वाळू दाबून बसवलेली, आपल्याकडच्या मुरमाच्या रस्त्यासारखी, फक्त पावसात चिखल न होणारी. तासन् तास हॉर्न ऐकू येत नाही. पहिल्या दिवशी या शांततेचं फार कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी प्रश्न पडायला लागला, की एवढा सपाट, एवढा सलग, पूल-बिल बांधलेला रस्ता कोणी सायकलवाल्यांसाठी कशाला केला असेल?

अर्थात नव्हताच केला.

आधी कालव्याचं बघू, कारण तो जुना. नांत ते ब्रेस्त, लांबी ३६४ किलोमीटर. हुकूम नेपोलियनचा, साल १८११. कारण व्यापार नव्हे, भीती. इंग्रजांच्या आरमारानं फ्रान्सचा किनारा आवळून धरला होता. ब्रेस्त हे फ्रेंच आरमाराचं मोठं बंदर, पण तिथे समुद्रमार्गे धान्य, लाकूड, तोफा पोचवणं म्हणजे शत्रूच्या तोंडात घास देणं. मग ठरलं की नद्या आतल्या आत एकमेकींना जोडायच्या आणि इंग्रजांच्या पाठीमागून माल न्यायचा. कालव्याचा बहुतेक भाग म्हणजे नद्याच, बांध घालून आणि दारं बसवून माणसाळवलेल्या. पण एका नदीच्या खोऱ्यातून दुसरीच्या खोऱ्यात जायचं तर मधला डोंगर ओलांडावा लागतो, आणि पाणी काही डोंगर चढत नाही.

यातला सगळ्यात अवघड डोंगर ग्लोमेल गावाजवळ होता, कारेहून सायकलनं सहज जाता येईल इतक्या अंतरावर. तिथे तीन किलोमीटरहून लांब आणि सगळ्यात खोल जागी २३ मीटर, म्हणजे सात-आठ मजली इमारत उभी पुरली जाईल एवढा चर खणला आहे. १८२३ ते १८३२ अशी नऊ वर्षं. कुदळ, फावडं आणि माणसं. माणसं कोण? तर शिक्षा झालेले कैदी, त्यांतले पुष्कळसे सैन्यातून पळालेले किंवा हुकूम मोडलेले. त्यांच्यासाठी गावाशेजारी छावणीच उभारली होती. लढाईतून पळालेल्या माणसांकडून लढाईसाठीचा कालवा खणून घ्यायचा, हा हिशेब कोणा अधिकाऱ्याला सुचला तेव्हा त्याला त्यातला विनोद कळला असेल की नाही कोण जाणे. शिवाय ती लढाई १८१५ मध्येच संपलेली होती. नेपोलियन १८२१ मध्ये दूरच्या बेटावर कैदेत मेला, आणि त्यानंतर दोन वर्षांनी ग्लोमेलला कुदळ पडली.

आज तिथून जाताना हे काहीही दिसत नाही. दोन्ही बाजूंचे उतार झाडांनी झाकलेले, तळाशी काळंशार स्थिर पाणी, बाजूनं मुरमाची वाट. उन्हाळ्यातसुद्धा अंगाला गारवा लागतो. माहिती नसेल तर ही निसर्गानं केलेली घळ आहे असंच वाटेल. मला तसं वाटू नये म्हणून मी उतरले आणि तो तीन किलोमीटरचा तुकडा चालत गेले. त्यानं कैद्यांना काही फरक पडला नाही, पण लांबी पायांना कळली.

डोंगरमाथ्यावरच्या कालव्याला पाणी कुठून आणायचं, हाही प्रश्नच होता. पूर्वेकडच्या इल्वेर्न टप्प्यासाठी त्यांनी एका धरणातून पाण्याचा चर काढला. दोन टोकांमधलं सरळ अंतर वीसेक किलोमीटर, पण उतार अगदी नावापुरता ठेवायचा म्हणून चर टेकड्यांना वळसे घालत साठाहून जास्त किलोमीटर फिरतो. त्याच्या काठानंही आता वाट आहे. सायकलवाल्यांना ती आवडते कारण तिच्यावर चढ लागत नाही. चढ न लागणं हाच तर तिच्या जन्माचा उद्देश होता.

कालवा पूर्ण वापरात आला १८४२ मध्ये, आणि १८६५ मध्ये आगगाडी ब्रेस्तला पोचली. म्हणजे भरभराटीसाठी याच्या वाट्याला मोकळी वर्षं आली ती तेवीस. तरी बोटी चालत राहिल्या. छपराची पाटी-दगडाची कौलं, खत, चुना असला माल. बोट ओढायला काठावरून घोडे चालायचे, आणि घोडा परवडत नसेल तर खांद्यावर पट्टा टाकून नावाड्याचं कुटुंबच. मुरमाची वाट मुळात या ओढणाऱ्यांची. पुढे १९२३ ते १९३० मध्ये विजेसाठी गेर्लेदांचं धरण बांधलं गेलं आणि कालव्याचे दोन तुकडेच झाले. बारा किलोमीटरच्या तलावाखाली कालवा, त्याची दारं, दार उघडणाऱ्यांची घरं, सगळं गेलं. २०१५ मध्ये दुरुस्तीसाठी तलाव रिकामा केला तेव्हा चिखलातून वर आलेल्या त्या भिंती पाहायला लाखो लोक आले. कालवा चालू असताना तो बघायला कोणी मुद्दाम आलं असेल असं वाटत नाही.

तलावामुळे सायकलची वाट इथे काठ सोडून केनेकांच्या जंगलात शिरते. बीच, ओक, नेचे. या जंगलालाही मी ‘अस्पर्श’ म्हणणार होते, तेवढ्यात ‘फोर्ज दे साल’ लागलं. रोहां या सरदार घराण्यानं सतराव्या शतकात इथे लोखंडाची भट्टी घातली होती. भट्टीला लागतो कोळसा, कोळशाला लागतं लाकूड, म्हणून जंगल राखलं, तोडलं आणि पुन्हा वाढू दिलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भट्टी विझली. कामगारांची दगडी घरं अजून ओळीनं उभी आहेत.

आता आगगाडी. १८७८ मध्ये फ्रेसिने नावाचे बांधकाममंत्री होते. प्रजासत्ताक अजून कोवळं होतं, राजेशाहीवाले टपून बसले होते. फ्रेसिनेंनी ठरवलं की प्रजासत्ताक खेड्यापर्यंत पोचवायचं तर रुळांवरून पोचवू. १८७९ च्या कायद्यानं साडेआठ हजार किलोमीटरहून जास्त नव्या मार्गांची यादीच केली. त्या धोरणाच्या पोटातून मध्य ब्रिटनीला मीटरगेज मिळालं. पहिला मार्ग मोर्ले ते कारे, १८९१. (पहिली पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस सायकल शर्यतही त्याच वर्षी झाली.) पुढे कारेतून पाच दिशांना पाच फाटे गेले. त्यांनी चुना आणि खत आणलं, बटाटे आणि डुकरं नेली. आणि माणसं नेली.

ही शेवटची गोष्ट यादीत कोणी लिहिली नव्हती. ब्रिटनीची माणसं पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनावर उतरली आणि त्याच स्टेशनाच्या आसपास राहिली, म्हणून त्या भागात आजही इतकी क्रेपची दुकानं. मुली घरकामाला लागल्या. १९०५ मध्ये पॅरिसच्या एका मुलींच्या साप्ताहिकात बेकासीन नावाची ब्रिटनीची मोलकरीण चित्रकथेत अवतरली. भोळी, वेंधळी, आणि चित्रकारानं तिला बहुतेकदा तोंडच काढलेलं नाही. गुरँ गावचे लोक तर थेट अमेरिकेला गेले, कित्येकजण न्यू जर्सीतल्या मिशेलिनच्या टायर कारखान्यात. माझ्या सायकलचे टायर कुठल्या कंपनीचे आहेत हे मी गुरँच्या चौकात वाकून पाहिलं. त्या चौकात स्वातंत्र्यदेवीचा लहानसा पुतळा आहे.

रेल्वे आली म्हणून माणसं गेली, असं मी म्हणणार नाही. जमीन हलकी, भावंडं जास्त, जायचंच होतं. रेल्वेनं जाणं सोपं केलं. मग उरलेल्यांसाठी बस आणि मोटारी आल्या, डबे रिकामे झाले आणि १९६७ मध्ये मीटरगेज बंद झालं. रूळ उचलले, काटेरी झुडपं वाढली. पुढे जिल्ह्यांनी या पट्ट्यांवर वाटा केल्या. देशातली अशी पहिली वाट १९९७ मध्ये बरगंडीत, जिव्हरी ते क्लुनी, झाली होती. तिथे पुढे दीड किलोमीटरचा बोगदा आहे आणि हिवाळ्यात तो वटवाघळांसाठी बंद ठेवतात. २००४ पासून मोटार-कायद्यातच या वाटांना स्वतंत्र नाव आणि व्याख्या मिळाली: बिनइंजिनाची वाहनं, पायी माणसं, घोडेस्वार.

म्हणजे मोटारीनं रेल्वे मारली आणि रेल्वेच्या जागेवर मोटारीला बंदी आली. मला हा न्याय वाटायचा. पण वाटेच्या कडेला राहणाऱ्या माणसाला डॉक्टरकडे जायचं तर तो मुरमावरून जात नाही. त्याला गाडी काढावी लागते, दुसरं काही उरलंच नाही. २०१३ मध्ये मालट्रकांवर आधीच ठरलेला रस्त्याचा कर लागू व्हायची वेळ आली तेव्हा ब्रिटनी पेटली. लाल टोप्या घातलेल्या आंदोलकांची मोठी सभा ३० नोव्हेंबरला झाली ती कारेतच, जिथून एकेकाळी पाच दिशांना गाड्या सुटत. २०१८ मध्ये इंधनावरच्या करानं पिवळ्या जाकिटांचं आंदोलन देशभर पसरवलं. पॅरिसमधल्या काही सायकलप्रेमींना हे लोक पर्यावरणाचे शत्रू वाटले. त्यांनी एकदा कारेहून रोस्पोर्देंला सायकल सोडून दुसऱ्या कशानं जाऊन बघावं.

पाचांपैकी एक फाटा उरला आहे, उत्तरेचा, कारे ते गँगां. तो पुढे मोठ्या रुळांचा केला म्हणून वाचला. चौथ्या दिवशी सायकल घेऊन मी त्याच गाडीत बसले. एक छोटी गाडी, मूठभर प्रवासी. मधल्या छोट्या थांब्यांवर उतरायचं असेल तर आधी सांगावं लागतं, नाहीतर गाडी थांबत नाही. रुळांच्या कडेला जुन्या फाटकवाल्यांची घरं दिसत होती, काहींच्या अंगणात गाड्या, काहींच्या खिडक्या बंद. गँगां येईपर्यंत कोणीही कुठे उतरायचंय म्हणून सांगितलं नाही.