एका रात्रीत उभी राहिलेली भिंत

किल्ला म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे डोंगर उभा राहतो. भिंगारजवळचा नगरचा भुईकोट किल्ला मात्र सपाट माळावर आहे. भोवती खंदक आणि खंदकापलीकडे मातीचा असा उंच उतार, की लांबून बघणाऱ्याला तटाची खरी उंची कळतच नाही. तोफेचा गोळा दगडावर आदळण्याआधी मातीत रुतावा, ही त्यातली अक्कल.

१४९० साली अहमद निजामशहाने भिंगारच्या परिसरात बहामनी फौजेचा पराभव केला आणि १४९४ मध्ये जवळच आपले शहर वसवले. तेच अहमदनगर, २०२४ पासूनचे अहिल्यानगर. इथला पहिला कोट मातीचा होता. मातीला नावे ठेवू नयेत. आपल्या गावोगावच्या गढ्यांनी तिच्याच जोरावर कित्येक पावसाळे काढले. पण काळ तोफांचा होता. विजापूरला आज दिसणारी, सुमारे ५५ टनांची मुलुख मैदान तोफ १५४९ मध्ये नगरलाच ओतलेली. अशा तोफा ओतणाऱ्यांना मातीच्या कोटाचा फार काळ भरवसा वाटला नसेल, तर नवल नाही. १५५९ ते १५६२ या काळात हुसेन निजामशहाने घडीव दगडाचा तट बांधून घेतला.

या तटाची खरी परीक्षा १५९५ च्या डिसेंबरात सुरू झाली. अकबराचा मुलगा मुराद वेढा घालून बसला होता आणि आत कारभार चांदबिबीच्या हाती होता. खणत खणत तटाच्या पायाखाली जायचे, पोकळी करायची, तिच्यात दारू ठासायची आणि बत्ती द्यायची, ही मोगलांची रीत. दगडी भिंत कितीही जाड असली तरी पायाखालची जमीन गेली की तिचा जाडपणाच तिच्यावर उलटतो. किल्ल्यातल्या लोकांना सुरुंगांची बातमी लागली आणि त्यांनी आतून खणून काही सुरुंगांतली दारू काढून घेतली. एक मात्र उडाला. फरिश्ता हा इतिहासकार सांगतो, की सुमारे ५० गज तट कोसळला. बाकीचे सुरुंगही उडतील या आशेने मोगल थांबले. तेवढ्यात चांदबिबी हातात तलवार घेऊन खिंडारात येऊन उभी राहिली. संध्याकाळपर्यंत लढाई चालली आणि रात्रीतून खिंडार पुन्हा बांधून काढले गेले.

आता यात गवंड्याचा हिशेब घालून पाहा. चुन्याला पक्की पकड यायला आठवडे लागतात. एका रात्रीत तो हात लावला तरी निघतो. म्हणजे सकाळी मोगलांना दिसली ती खऱ्या अर्थाने तटाची भिंत नव्हतीच, ती दगडमातीची भर होती. पण खिंडार बुजलेले होते, आणि वेढा घालणाऱ्याला तेवढे पुरते. वऱ्हाड देऊन तह झाला. तलवार हाती घेतलेली चांदबिबी चित्रांतून आपल्या घरी आली. त्या रात्री पाट्या वाहणाऱ्यांचे चित्र मात्र मी कुठे पाहिलेले नाही.

१६०० साली मोगल पुन्हा आले. तेव्हा चांदबिबी आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली, पुन्हा सुरुंग उडाले आणि किल्ला पडला. १८०३ च्या ऑगस्टमध्ये तो शिंद्यांकडे होता. वेलस्लीने ८ तारखेला पेठ घेतली आणि १२ तारखेला किल्लाही त्याच्या हाती आला.

१९४२ मध्ये इथे स्थानबद्ध झालेल्या काँग्रेस नेत्यांत पंडित नेहरू होते. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी इथेच लिहिले, हे सर्वांना ठाऊक असते. त्यातली बागकामाची हकिकत मात्र फारशी कोणी सांगत नाही. फुलझाडांसाठी वाफे खणताना जमिनीखाली जुन्या भिंती आणि घुमटांचे माथे लागत. एकदा भिंतीवर कोरलेले सुंदर कमळ निघाले, बहुधा एखाद्या दरवाजावरचे. म्हणजे आपण ज्या जमिनीवर उभे राहून किल्ला पाहतो, ती कुणाच्या तरी छपराच्या पातळीवर आहे. नेहरूंना आणखी खाली जायचे होते, पण जवळ अवजारे नव्हती आणि कैद्यांनी खोल खणलेले अधिकाऱ्यांना चालत नव्हते.