गोवा पावडर ते जनुकचाचणी: सोरायसिसच्या उपचारातील एक जुना प्रश्न

ब्राझीलमधील अरारोबा वृक्षाच्या खोडात साठणारी पिवळसर भुकटी एकोणिसाव्या शतकात पोर्तुगीज व्यापारामार्फत भारतात येई आणि नायटा-गजकर्णावर लावली जाई. जगाने तिला ‘गोवा पावडर’ म्हटले. सोरायसिसच्या चट्ट्यांना गजकर्ण समजून ती लावली गेली आणि चट्टे ओसरले, हे लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मानो स्क्वायर यांनी हेरले. १८७६ मध्ये त्यांनी तिच्यातील घटकाचे मलम सोरायसिसवर सुचवले.

पुढची औषधेही अशीच योगायोगाने हाती आली. १९५१ मध्ये अमेरिकेत संधिवातावर अमिनोप्टेरिन देताना सोरायसिसला उतार पडल्याचे दिसले. त्याच वाटेने मेथोट्रेक्सेट आले. १९७९ मध्ये सायक्लोस्पोरिनची कथा तशीच घडली. औषध सापडले योगायोगाने आणि ते कोणाला लागू पडेल, हेही ठरत राहिले योगायोगानेच.

बायोलॉजिक औषधांनी पहिला योगायोग संपवला. सजीव पेशींत तयार होणारी ही प्रथिने रोगप्रतिकारयंत्रणेतील एखाद्या नेमक्या दुव्यालाच अडवतात. भारतात बंगळुरूच्या बायोकॉनने क्युबाच्या सहकार्याने विकसित केलेले इटोलिझुमॅब २०१३ मध्ये बाजारात आले. ते टी-पेशींवरील सीडी६ या रेणूला लक्ष्य करते. २०१४ च्या अखेरीस झायडसने अडालिमुमॅबची जगातील पहिली जैवसमरूप आवृत्ती भारतात आणली.

दुसरा योगायोग मात्र टिकून राहिला. इटोलिझुमॅबच्या २२३ भारतीय रुग्णांवरील चाचणीत बाराव्या आठवड्यात रोगाची तीव्रता तीन-चतुर्थांशाने घटलेले रुग्ण एका गटात २७ टक्के, तर दुसऱ्यात सुमारे ३६ टक्के होते. औषधाविना गटात हे प्रमाण अवघे २.३ टक्के. औषध परिणामकारक होते, यात शंका नाही. परंतु गुण येणारे कोण, हे पहिल्या इंजेक्शनपूर्वी सांगता येत नव्हते. आपल्याकडे औषधाचा खर्च बहुधा रुग्णाच्या खिशातूनच होतो. त्यामुळे फसलेल्या तीन महिन्यांची किंमत एखाद्या कुटुंबाची साठवणूक असू शकते.

अपाय टाळण्याची पूर्वतयारी आधीच रुळली आहे. टीएनएफ रोखणारी औषधे शरीरातील सुप्त क्षयरोगाला जाग आणू शकतात, म्हणून ती सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी होते. क्षयाचा भार मोठा असलेल्या भारतात तिचे महत्त्व अधिकच आहे. गुण येईल का, हे सांगणारी तितकी रुळलेली चाचणी नाही.

तिची चाहूल जनुकांतून लागते आहे. एचएलए-सी ०६:०२ हे सोरायसिसशी निगडित जनुकरूप. ब्रिटनमधील रुग्णनोंदींवरील २०१९ च्या अभ्यासात, हे जनुकरूप नसलेल्यांना उस्टेकिनुमॅबपेक्षा अडालिमुमॅबचा गुण येण्याची शक्यता अधिक आढळली. पण एका समाजात दिसलेला संबंध दुसऱ्या समाजात पडताळल्यावाचून निर्णयाचा आधार होऊ शकत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातील सुमारे १०,००० भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती संशोधकांना खुली झाली. तो पाया आहे. परंतु कोणत्या रुग्णाला कोणते औषध दिले आणि त्याला गुण आला की नाही, याच्या दीर्घकालीन भारतीय नोंदी त्याला जोडल्या जातील, तेव्हाच तो उपयोगी पडेल. दीडशे वर्षांपूर्वी एका चुकीच्या निदानाने उपचाराची वाट दाखवली. यापुढची वाट नशिबावर सोडण्याचे कारण उरलेले नाही.