हरलं कोण होतं?

चातुर्मासात पांढुर्ण्याच्या आमच्या महिला मंडळाने सामान्यज्ञानाची स्पर्धा ठेवली होती. ‘पहिल्या महिला राष्ट्रपती कोण?’ म्हणताच चार-पाच जणी एकदम ओरडल्या, ‘प्रतिभाताई पाटील!’ मागून एका सुनेने हळूच विचारलं, ‘अन् हरलं कोण होतं मग?’

भैरोसिंह शेखावत, मी सांगितलं. पण मला आठवली ती 1969 ची निवडणूक. त्या वेळी हरलेल्यांत एक मराठी माणूस होता, चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर देशाचे अर्थमंत्री.

डॉ. झाकिर हुसेन पदावर असतानाच गेले, म्हणून ऑगस्टमध्ये निवडणूक लागली. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. इंदिराबाईंनी मात्र ‘विवेकबुद्धीने मत द्या’ म्हटलं आणि व्ही. व्ही. गिरी निवडून आले. देशमुखांमागे जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष. खासदार-आमदारांच्या मतांचं मूल्य मोजलं तर त्यांना 1,12,769 मिळाले, म्हणजे तिसरा नंबर. पण पहिल्या पसंतीत बहुमत कोणालाच नव्हतं, म्हणून देशमुखांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजावी लागली. ती बहुतेक रेड्डींकडे गेली, तरी गिरी थोडक्यात तरले. काही महिन्यांतच काँग्रेस फुटली.

गंमत पाहा. महिनाभर आधीच इंदिराबाईंनी 14 बँका सरकारी केल्या होत्या. स्वतंत्र पक्ष या सरकारीकरणाचा कट्टर विरोधक, आणि त्याने उमेदवार कोणता धरला? ज्यांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात 1956 मध्ये आयुर्विमा सरकारी झाला, तोच!

मला टोचतं ते दुसरंच. मुंबई महाराष्ट्राला देत नाहीत म्हणून त्याच 1956 मध्ये देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं. ज्या सी.पी. अँड बेरारमध्ये त्यांची आयसीएसची नोकरी सुरू झाली, त्यात आमचा छिंदवाडा जिल्हाही होता. 1 नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात गेला, सौंसर-पांढुर्णा मध्यप्रदेशातच राहिले. जवळचं नागपूर राजधानी नाही उरलं, लांबचं भोपाळ आलं. मुंबई पुढे 1960 मध्ये मिळाली. आमच्या संत्र्याच्या बगिच्यांवरून काही दिल्ली हलली नाही.

आणि त्यांच्या पत्नी दुर्गाबाई? त्याही 1952 मध्ये राजमहेंद्रीतून लोकसभेला हरल्या होत्या. लग्न त्यानंतरचं, 1953 चं. त्याच वर्षी त्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या, आणि बायकांच्या संस्थांना त्या मंडळाचं अनुदान मिळू लागलं.

सुनेला हे सगळं सांगितलं तर ती म्हणते, ‘बाप्पा! एकाच घरात दोघंही हरलेले!’